वैद्य नाहीं, म्हणून काय?

मांजर मारलें तर काशीला जावें लागतें, ही समजूत आपल्या समाजांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. स्मृतिकारांनींही मार्जारवधास प्रायश्चित्त सांगून ठेविलें आहे. परंतु दाराशीं आलेलें मांजर आजारानें तडफडून मरूं दिलें तर कोठें जावें लागतें, हें मात्र कोणीं सांगितलेलें आढळत नाहीं. आपल्या भूतदयेची सारी मर्यादा या एका गोष्टींत दिसून येते. हत्येचें पातक आपल्या हातून घडूं नये एवढी काळजी आपण घेतों; समोर चाललेल्या मरणाकडे पाठ फिरविण्यांत कांहीं पातक आहे असें आपणांस वाटत नाहीं.

या निष्काळजीपणास एक सोयीची सबब सांपडली आहे. "आमच्या गांवीं मांजराचा डॉक्टर नाहीं, मग आम्हीं काय करावें?" सबब अगदींच खोटी नाहीं. मुंबईस पशुवैद्यक महाविद्यालय निघालें १८८६ सालीं. पण रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडील एखाद्या वाडीवर आजही मांजर आजारी पडलें, तर त्यास पाहणारा मनुष्य गांठावयास जिल्ह्याच्या ठिकाणीं, कधीं त्याहूनही दूर जावें लागतें. तालुक्यास सरकारी दवाखाना असतो, तो मुख्यत्वें गुरांढोरांसाठीं; आणि तें रास्तही आहे, कारण शेतकऱ्याचा संसार म्हशीवर आणि बैलावर उभा असतो. मांजराची तर सरकारदरबारीं गणतीही नाहीं. २०२४ सालीं सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेंत गाईम्हशींपासून उंट, गाढव, ससा, हत्ती आणि कुत्रा यांपर्यंत सर्वांना जागा मिळाली; मांजरास ती मिळाली नाहीं. ज्याची मोजदाद नाहीं त्याच्यासाठीं औषधाची पेटी कोठून येणार?

हें सर्व मान्य केलें तरी दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. वैद्य नाहीं म्हणून हात झटकण्याची मोकळीक कोणास मिळत नाहीं. आणि वैद्य नाहीं म्हणून स्वतःच वैद्य होऊन बसण्याचा परवानाही कोणास मिळत नाहीं. आमचा वाद या दोन्ही पक्षांशीं आहे. एक पक्ष कांहींच करीत नाहीं, दुसरा वाटेल तें करतो, आणि मांजर दोघांच्याही हातीं मरतें.

पहिल्या पक्षाचें म्हणणें असें कीं, हा निसर्गाचा क्रम आहे. दुबळें मरावें आणि सबळ जगावें, त्यांत मनुष्यानें पडूं नये. ही मंडळी स्वतःस ताप आला असतां निसर्गाचा हा क्रम कां आठवीत नाहींत, तें असो. पण मांजर हें कांहीं रानांतलें श्वापद नव्हे. मनुष्य धान्य सांठवूं लागला, धान्यापाठोपाठ उंदीर आले आणि उंदरांपाठोपाठ मांजर आलें. सायप्रस बेटांत सुमारें ९५०० वर्षांपूर्वीं मनुष्याशेजारीं पुरलेलें मांजर सांपडलें आहे. इतकी आपली ही सोबत जुनी आहे. जें आपल्या कणगीच्या आधारानें आणि मासळीच्या टाकाऊ डोक्यांवर वाढलें, तें निरोगी असतांना आपलें आणि आजारी पडतांच निसर्गाचें, हा कोठला न्याय?

दुसरें म्हणणें अधिक गंभीर आहे. जेथें माणसांनाच वेळेवर औषध मिळत नाहीं, तेथें मांजराची चैन कशाला? या प्रश्नांतील कळकळ आम्हांस मान्य आहे. त्यांतील हिशेब मान्य नाहीं. आजारी मांजरास जें प्रथम हवें असतें तें म्हणजे एक खोका, जुनें धोतर, कोमट पाणी आणि दिवसांतून चार वेळां पांच-दहा मिनिटें. यांपैकीं कोणती वस्तु आपण शेजारच्या आजारी माणसाच्या तोंडून काढून घेतों? शिवाय अनुभव असा कीं, मांजरासाठीं जो उठत नाहीं तो माणसासाठींही सहसा उठत नाहीं. आजारी मांजर पोत्यांत घालून ओढ्यापलीकडे सोडून येणारे लोक तर या युक्तिवादाच्या आड लपूं शकतच नाहींत. उपासमारीनें हाल होतील अशा स्थितींत जनावर टाकून देणें, हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानें गुन्हा आहे. आणि प्राणिमात्रांविषयीं दयाबुद्धि बाळगणें हें १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनें, कलम ५१-क अन्वयें, नागरिकाचें मूलभूत कर्तव्य ठरविलेलें आहे.

आतां दुसऱ्या पक्षाकडे वळूं. हे लोक मनानें चांगले असतात, आणि म्हणूनच त्यांना चार शब्द कठोरपणें सांगणें भाग आहे. मांजर कण्हतें असें दिसतांच घरांतील डबा उघडावा आणि आपल्याला लागू पडणारी गोळी त्याच्या घशांत लोटावी, ही दया नव्हे, अविचार आहे. तापावरची जी पॅरासिटामॉलची गोळी आपण निर्धास्तपणें घेतों, ती मांजरास विष आहे. तें द्रव्य निकामी करून बाहेर टाकण्याची शक्ति त्याच्या यकृतांत फार अल्प असते. त्यामुळें रक्ताची प्राणवायु वाहून नेण्याची क्षमता जाते, हिरड्या काळ्यानिळ्या पडतात, तोंड सुजतें, आणि ५०० मिलिग्रॅमची एकच गोळी तीन-चार किलोच्या मांजराचा प्राण घेण्यास पुरेशी होते. अंगदुखीवरच्या इतर गोळ्यांचीही हीच कथा. जखमेवर फिनेल किंवा टर्पेंटाइन ओतणें, कापराचें अगर निलगिरीचें तेल चोळणें, कुत्र्याच्या गोचिडांवरील पर्मेथ्रीन मांजरास लावणें, हे सर्व प्रकार घातक आहेत. मांजर दिवसभर आपलें अंग चाटीत असतें, तेव्हां त्याच्या अंगाला जें लावाल तें त्याच्या पोटांत जाणार, एवढें एक सूत्र ध्यानीं ठेवलें तरी पुष्कळ जीव वांचतील. कांदालसणाचा उरलेला रस्साही त्यास घालूं नये. त्यानें रक्तांतील तांबड्या पेशी नष्ट होतात.

मग करावें काय? शुश्रूषा करावी. आपल्या घरांतील वडीलधाऱ्या बायका आजाऱ्याचें जें करीत आल्या तेंच, थोड्या अधिक विवेकानें. भटक्या मांजरांचा नेहमींचा आजार म्हणजे सर्दी. डोळे चिपडांनीं मिटतात, नाक चोंदतें. आणि मांजर वासावर जेवणारा प्राणी असल्यामुळें नाक बंद झालें कीं पुढ्यांतील अन्न त्यास अन्न वाटतच नाहीं. पुष्कळदां रोगापेक्षां हा उपासच त्याचा घात करतो. अशा वेळीं एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत सुमारें ९ ग्रॅम मीठ घालावें, त्यांत कापसाचा बोळा भिजवून डोळे व नाक हलक्या हातानें पुसावें, आणि बिनमिठाची, बिनमसाल्याची उकडलेली मासळी कांटे काढून कोमट असतांनाच पुढें ठेवावी. दूध देण्याची घाई करूं नये. बहुतेक मोठ्या मांजरांना तें पचत नाहीं आणि हगवण वाढते. पाणी घशांत ओतूं नये, तें फुप्फुसांत जातें. शुद्धीवर असलेल्या आणि गिळूं शकणाऱ्या मांजरासच तें गालाच्या कडेनें थेंब थेंब द्यावें. थंड पडलेल्या पिलास आधीं कापडांत गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटलीची ऊब द्यावी आणि मगच अन्न द्यावें. जखम त्याच मिठाच्या पाण्यानें धुवावी. आजारी मांजराचें बिछाणें आणि भांडें निराळें ठेवावें, कारण ओकारी-हगवणीचा एक सांथीचा रोग पिलांचीं वेतेंच्या वेतें नाहींशीं करतो, आणि त्याचें विष जागेवर महिनोन्‌महिने टिकतें.

या शुश्रूषेलाही सीमा आहे, आणि ती ओळखणें हा शुश्रूषेचाच भाग होय. बोका वारंवार लघवीस बसतो आणि थेंबही पडत नाहीं असें दिसल्यास घरगुती उपाय शोधीत बसूं नये. एकदोन दिवसांत प्राण जातो, म्हणून मिळेल त्या गाडीनें शहर गांठावें. मांजर चावलें किंवा त्यानें ओरबाडलें तर जखम साबणपाण्यानें पंधरा मिनिटें धुवून त्याच दिवशीं रेबीजप्रतिबंधक लशीसाठीं दवाखान्यांत जावें. गर्भवती स्त्रियांनीं मांजराची विष्ठा काढूं नये. आणि सर्व करूनही मांजर मेलें, तर तें उन्हांत, कुत्र्यांच्या तोंडीं, उपाशी मेलें नाहीं. उबेंत आणि शांतपणें मेलें. ही गोष्ट लहान आहे असें ज्यास वाटतें त्यानें आपल्या घरच्या आजाऱ्याची शेवटची रात्र आठवावी.

सरकारनेंही या सबबीस कायमचें खतपाणी घालूं नये. तालुक्याच्या दवाखान्यांत पंधरवड्यांतून एक दिवस लहान प्राण्यांसाठीं राखून ठेवतां येईल. त्या दिवशीं मांजरींवर संततिनियमनाची शस्त्रक्रियाही होऊं शकेल, कारण मांजरी अवघ्या दोन महिन्यांच्या गर्भारपणानंतर पुन्हां विते आणि रोगाला नवें भक्ष्य पुरविते. कोणतीं औषधें मांजरास मारक आहेत, याचा एक मराठी फलक दवाखान्यांत आणि औषधांच्या दुकानांत लावण्यास किती पैसे पडतील? ही मागणी ग्रामसभेंत उभें राहून करण्याचें काम सुशिक्षित कुटुंबांचें आहे. आमच्या ग्रामसभांतून मंदिराच्या कळसावर तासन्‌तास चर्चा होते, तेथें या मागणीस पांच मिनिटें मिळणें अशक्य नाहीं.

तोंपर्यंत मात्र कोणीं वैद्याच्या नांवानें रडत बसूं नये, आणि कोणीं वैद्याची पिशवीही खांद्याला लावूं नये. वैद्य येईल तेव्हां येईल. मिठाचें पाणी, उबदार खोका आणि गोळीच्या डब्याकडे न जाणारा हात हीं तिन्ही आजच प्रत्येक घरांत आहेत.