बालीची शुभ्र सारिका

आपल्या अंगणांत येणारी साळुंकी सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्याच कुळांतील एक पक्षी जावाच्या पूर्वेस असलेल्या बाली बेटांत राहतो. जगाच्या पाठीवर त्याचें मूळ घर तेवढें एकच. लांबी सुमारें १० इंच, सर्वांग शुभ्र, पंखांचीं व शेपटीचीं टोकें काळीं, डोळ्यांभोंवतीं निळी उघडी कातडी आणि मस्तकावर लांब तुरा, असें त्याचें रूप आहे. स्ट्रेझेमान या जर्मन पक्षिशास्त्रज्ञानें १९१२ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें.

बेटाच्या वायव्येकडील विरळ, कोरड्या रानांत हा पक्षी वावरतो. फळें, बिया व किडे हें त्याचें अन्न. एरवीं तो थव्यानें हिंडतो. विणीचा काळ आला म्हणजे जोडपीं वेगळीं होतात. तुरा उभारून व मान खालींवर हलवून नर मादीचें आराधन करितो. झाडाच्या आयत्या ढोलींत मादी दोनतीन निळीं अंडीं घालते. पिलांस चारा भरविण्याचें काम मात्र दोघेंही करितात.

असा हा निरुपद्रवी पक्षी नष्टप्राय कां झाला? जावांतील जुन्या समजुतीप्रमाणें सद्गृहस्थाजवळ पांच गोष्टी असाव्या लागतात: विस्म, वनिता, तुरंग, चुरिग आणि कुकिल. वेश्म, वनिता, तुरंग, छुरिका व कोकिल हे आपलेच शब्द वाचकांस सहज ओळखूं येतील. कुकिल म्हणजे तिकडे कोणताही पक्षी. दारीं टांगलेला पिंजरा हें प्रतिष्ठेचें लक्षण ठरलें. पक्षी जों जों दुर्मिळ होत गेला, तों तों त्याची किंमत वाढली. आणि किंमत वाढली तशीं जाळींही वाढलीं. १९७० पासून इंडोनेशियाच्या कायद्यानें त्यास संरक्षण दिलें. परंतु १९९९ सालीं शस्त्रधारी टोळीनें संरक्षित वनांतील पैदास-केंद्रावरच धाड घालून तेथील ३९ पक्ष्यांपैकीं बहुतेक पळविले. २००१ सालीं रानांत अवघे सहाच्या आसपास पक्षी उरले होते.

पुढें २००६ पासून पिंजऱ्यांत वाढविलेले पक्षी बालीच्या आग्नेयेस असलेल्या नुसा पेनिडा बेटावर सोडण्यांत आले. तेथें निराळा उपाय योजिला होता. बालीच्या प्रत्येक गांवास ‘अविग-अविग’ नांवाची आपली आचारसंहिता असते. पक्षी धरूं नये हा नियम नुसा पेनिडाच्या गांवांनीं आपल्या संहितेंत घातला. सरकारी पहारेकरी दूर असतो, शेजारी मात्र सदैव जवळ असतो. आणि राजदंडाहून गांवांत मान खालीं घालावी लागण्याचें भय मोठें. तेथें पक्ष्यांनीं मोकळ्या रानांत पिलें वाढविलीं.

धोका अद्यापि टळलेला नाहीं; अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादींत त्याचें नांव आजही आहे. तथापि एका रूढीनें जें घालविलें, तें दुसरीनें राखतां येतें, एवढें या सारिकेनें दाखविलें. घरांतील मुलांस पिंजरा आणून देण्यापूर्वीं वडील मंडळींनीं तिची ही हकीकत त्यांस अवश्य सांगावी.