शिबिरात न मावणारी साधने

मीरा-भाईंदरच्या मेट्रो-९ वरील काशीगाव स्थानकात लिफ्ट असावी की नसावी, यावर कुणी वाद घातला नसेल. मेट्रोच्या आराखड्यात ती धरलेलीच असते. त्याच परिसरातल्या शाळेत मात्र अंधूक दिसणाऱ्या मुलाला ठळक रेघांची वही किंवा हाताची पकड कमजोर असलेल्या मुलीला जाड पेन्सिल हवी असेल, तर ती मागावी लागते. मागणाऱ्याच्या हाती प्रमाणपत्र असावे, ही अपेक्षा असतेच.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम १७ अठरा वर्षांपर्यंतच्या विद्यार्थ्यांना पुस्तके व सहाय्यक साधने मोफत देण्यास सांगते, पण ४० टक्के दिव्यांगत्वाच्या अटीवर. कार्यालये हा आकडा पाठ करतात आणि कलम १६ विसरतात. प्रत्येक मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोय करा, असे ते शाळांना बजावते. तिथे टक्केवारी नाही.

पैसा अगदीच नाही असेही नाही. समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या प्रत्येक बालकामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद आहे, शिवाय महापालिकेचा पाच टक्के दिव्यांग कल्याण निधी आहे. पण आपल्या व्यवस्थेला वाटप समजते ते शिबिराचे. दिव्यांगांना साधने देणाऱ्या, १९८१ पासूनच्या केंद्राच्या एडिप योजनेतून व्हीलचेअर आणि श्रवणयंत्रे मिळाली, त्यांचे मोल कमी नाही. मात्र श्रवणयंत्र दिले की काम संपत नाही. मूल वाढते तसा कानही वाढतो, यंत्राचा कानात बसणारा साचा सैल होतो, यंत्र शिट्टी मारू लागते आणि मूल ते दप्तरात टाकून देते. नवा साचा करायला आणि बॅटरीला कोण पैसे देणार? वांद्र्याच्या अली यावर जंग या श्रवणदोषविषयक संस्थेपर्यंत लोकलने जायचे, तर रोजंदारीवरच्या आईचा दिवस बुडतो. साचे बदलायचे शिबिर कुणी भरवत नाही. त्यात फोटो काढण्यासारखे काय आहे?

काही गोष्टींना तर पैसाही लागत नाही. एनव्हीडीए हे पडदावाचक सॉफ्टवेअर फुकट आहे आणि ते मराठी वाचते. पण प्रश्नपत्रिका जुन्या फॉन्टात टंकलेली असेल, तर अंध विद्यार्थ्याच्या कानावर निरर्थक इंग्रजी अक्षरे पडतात; पुस्तकाचे पान नुसते स्कॅन केलेले असेल, तर तेही नाही. युनिकोड येऊन तीन दशके उलटली, तरी कितीतरी टंकलेखक जुन्या सवयीला चिकटून आहेत.

मीरा-भाईंदर महापालिकेने जूनपूर्वी एवढे करावे: मुख्याध्यापकाच्या हाती छोटी आगाऊ रक्कम द्यावी, काय घ्यायचे ते विशेष शिक्षकाने ठरवावे, पावती मागाहून जोडावी. पेन्सिलीसाठी निविदा नको. लेखापरीक्षणात आक्षेप निघेल, या धास्तीने मुख्याध्यापक हात आखडता घेतात. ती धास्ती आयुक्तांचे एक परिपत्रक घालवू शकते. तेही युनिकोडमध्ये निघावे.