एका फाइलची किंमत

देशातील काही विमानतळांवर १९ जुलै २०२४ रोजी प्रवाशांच्या हाती हाताने लिहिलेले बोर्डिंग पास पडू लागले, तेव्हा अनेकांना सायबर हल्ल्याची शंका आली. प्रत्यक्षात ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीने ग्राहकांच्या संगणकांवर पाठविलेली एक सदोष कॉन्फिगरेशन फाइल त्यास कारणीभूत होती. तीतील नियम २१ वी नोंद तपासू पाहत होता आणि सॉफ्टवेअर २० नोंदीच पुरवीत होते. ७८ मिनिटांत ही फाइल मागे घेण्यात आली. मात्र तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणकांना तिचा फटका बसला होता. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती थोडी थांबून घेण्याची मुभा ग्राहकांना होती. अशा फाइलींना ती लागू नव्हती!

मग ही कामे हातानेच करावीत काय? अमेरिकेतील ‘नाइट कॅपिटल’ या दलाली पेढीने तेच केले होते. नवा प्रोग्राम आठ सर्व्हरवर चढवायचा होता; तंत्रज्ञाने तो सात ठिकाणी चढविला, आठवा सर्व्हर राहून गेला. त्याचे काम पडताळून पाहण्याची लेखी पद्धतच नव्हती. १ ऑगस्ट २०१२ रोजी त्या आठव्या सर्व्हरवरील, २००३ पासून वापरात नसलेला कोड जागा झाला आणि अवघ्या ४५ मिनिटांच्या उलाढालीने पेढीचे ४६ कोटी डॉलरहून अधिक बुडाले. बाजार उघडण्यापूर्वीच यंत्रणेने ९७ ई-मेल पाठविले होते. त्यांकडे कोणी लक्ष दिले नाही.

‘पपेट’, ‘अॅन्सिबल’ यांसारखी साधने नेमके हेच काम करतात. सर्व्हर कसा असावा याचे वर्णन एके ठिकाणी लिहून ठेवले, की ती प्रत्येक सर्व्हर त्याच्याशी ताडून पाहतात आणि राहिलेला आठवा सर्व्हरही दुरुस्त करतात. परंतु ते वर्णनच चुकले तर चूकही तितक्याच तत्परतेने सर्वत्र पोहोचते. म्हणूनच बदल आधी मोजक्या यंत्रांवर करून पाहणे आणि कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद ठेवणे आवश्यक ठरते. क्राउडस्ट्राइकने टप्प्याटप्प्याने वितरणाचा मार्ग धरला, तो या घटनेनंतर.

त्या दिवशी आपल्याकडे केवळ दहा बँका व वित्तसंस्थांना किरकोळ अडचण आल्याचे रिझर्व्ह बँकेने सांगितले. मोजक्याच बँका ते सॉफ्टवेअर वापरीत होत्या, हे त्यामागचे एक कारण. यास सज्जता म्हणणे धाडसाचे होईल. बाहेरच्या पुरवठादाराने पाठविलेला बदल आपल्या सर्व सर्व्हरवर एकाच वेळी जाऊ नये यासाठी काय व्यवस्था आहे, हे प्रत्येक बँकेकडून लेखी मागवावयास हवे.