श्रेयांकांवरील बट्टा

पेशवाईत परगावच्या टांकसाळीतील रुपया घेऊन पेठेत येणाऱ्याला सराफाकडे बट्टा मोजावा लागे. रुपयातील चांदी कमी असेच असे नव्हे. तो इथला नव्हे, एवढे कारण सराफाला पुरे होई. अमेरिकेत महाविद्यालयीन श्रेयांक, म्हणजे तिकडचे ‘क्रेडिट’, पदरी बांधून एका संस्थेतून दुसरीत जाणाऱ्या नोकरदार विद्यार्थ्याची आज हीच गत आहे.

असोसिएट पदवी ही तेथील महाविद्यालयीन शिक्षणाची पहिली पायरी. बी.ए.ला साधारणतः 120 श्रेयांक लागतात, हिला 60. ती दोन वर्षांत पुरी व्हावी अशी अपेक्षा असते. पण नोकरी, मुलेबाळे आणि बदल्या ह्यांच्या ओढाताणीत ती अर्ध्यावर सुटते. काही काळ महाविद्यालयात जाऊनही कोणतेच प्रमाणपत्र हाती न लागलेले कामकरी वयाचे लोक तेथे साडेतीन कोटींहून अधिक आहेत.

तासांवर शिक्षण मोजण्याची ही रीत रुजली ती शिक्षणाच्या नव्हे, निवृत्तिवेतनाच्या चिंतेतून, ही गोष्ट आपल्याकडील प्राध्यापकांना मोठी मनोरंजक वाटेल. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी ह्याने 1905 मध्ये महाविद्यालयीन अध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी 1 कोटी डॉलर दिले. पण महाविद्यालय कशाला म्हणावे? त्याच्या प्रतिष्ठानाने अट घातली, की प्रवेशार्थींचे शालेय शिक्षण ठरावीक तासांच्या मापाने मोजलेले असले पाहिजे. पेन्शनच्या आशेने संस्थांनी ती निमूटपणे मान्य केली. पुढे महाविद्यालयांतही तोच हिशेब स्थिरावला : सत्रभर आठवड्याला एक तास वर्ग, म्हणजे एक श्रेयांक. विद्यार्थी बाकावर किती वेळ बसला ह्याची नोंद झाली. उठताना तो काय घेऊन उठला ह्याची नव्हे.

ह्या मापाला मोठा धक्का दिला तो परीक्षांनी. कॉलेज बोर्डाने 1967 मध्ये ‘क्लेप’ परीक्षा सुरू केल्या. समाजशास्त्र वर्गात शिकलात की ग्रंथालयात, हे तेथे कोणी विचारीत नाही. दीड तासाची परीक्षा, शुल्क शंभर डॉलरांच्या आसपास. 20 ते 80 ह्या मोजपट्टीवर 50 गुण मिळाले की बहुतेक विषयांत निदान 3 श्रेयांकांची शिफारस होते. पाठोपाठ न्यूयॉर्कचा बहिःस्थ पदवी कार्यक्रम (1971), न्यू जर्सीचे टॉमस एडिसन (1972) आणि कनेक्टिकटचे चार्टर ओक (1973) ह्या संस्था निघाल्या. इतरत्र शिकलेले तपासून त्याची पदवी बांधून देणे हेच त्यांचे मुख्य काम. न्यूयॉर्कचा तो कार्यक्रम म्हणजे आजचे एक्सेल्सियर विद्यापीठ. उरलेले विषय आता घरबसल्या ऑनलाइन पुरे करता येतात.

तरीही बट्टा चुकत नाही. समजा, ट्रेंटनमधील कचेरीत काम करणाऱ्या एखाद्या बाईंपाशी दोन ठिकाणी मिळवलेले 48 श्रेयांक आहेत. हिशेबाने उरले 12. नवी संस्था म्हणते, हिशेबशास्त्राचे 3 फार जुने. दुसऱ्या एका विषयाचे 3 आमच्या अभ्यासक्रमाशी जुळत नाहीत. आणखी 9 ती ‘ऐच्छिक’ ह्या रकान्यात टाकते, जो आधीच भरलेला आहे. श्रेयांक स्वीकारल्याचे सुबक पत्र येते. पदवीकडे मात्र ते मोजले जात नाहीत. 12 चे 27 झाले. मग बाईंनी रात्री जागून निबंधलेखनाची 6 श्रेयांकांची व आणखी तीन विषयांची अशा चार परीक्षा द्याव्यात, तेव्हा कोठे त्या 15 श्रेयांक भरून काढतात आणि जेथून निघाल्या तेथेच परत येतात. ज्याचे दाम एकदा मोजले त्याचेच पुन्हा मोजायचे!

हे कल्पित उदाहरण अतिरंजित नाही. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने 2017 मध्ये अंदाज दिला, की 2004 ते 2009 ह्या काळात संस्था बदलणाऱ्या विद्यार्थ्यांचे सरासरी 43 टक्के श्रेयांक वाया गेले. ह्यात दुष्टावा शोधण्याची गरज नाही. महाविद्यालय श्रेयांकामागे शुल्क घेते; बाहेरचा श्रेयांक स्वीकारणे म्हणजे एक विक्री गमावणे. विक्रेत्यालाच तराजू दिला तर पारडे कोणीकडे झुकेल, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी नको.

दीड तासाच्या परीक्षेला सत्रभराच्या अध्यापनाची सर कशी येणार, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. चर्चा, शंका, गुरूचा सहवास हे परीक्षेत सापडत नाही. पण सव्वाशे मुलांच्या वर्गात टिपणे उतरवून देण्याने ते सापडते काय? परीक्षेने मिळवलेली पदवी हलकी, हे म्हणणे महाराष्ट्राला तरी शोभत नाही. बहिःस्थ म्हणून नाव नोंदवून बी.ए. झालेले कारकून व प्राथमिक शिक्षक येथे घरोघर आहेत.

फ्लोरिडाने ह्यावर साधा उपाय केला : राज्यातील सार्वजनिक महाविद्यालयांत समान विषयाला समान क्रमांक, आणि त्या क्रमांकाचा श्रेयांक नाकारण्याची मुभा नाही. टांकसाळी अनेक असल्या तरी छाप एक.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै 2021 मध्ये ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’चे नियम काढले. बँक हा शब्द आकर्षक आहे. तथापि ते नियम वाचता दिसते ते असे : श्रेयांकांची मुदत कमाल सात वर्षे; पदवीचे निदान निम्मे श्रेयांक पदवी देणाऱ्या संस्थेतच मिळवलेले असावेत; आणि खातेदाराने स्वतः काही जमा करावयाचे नाही, ते नोंदणीकृत संस्थेनेच करावयाचे. बारा वर्षांपूर्वी दुसऱ्या वर्षावर शिक्षण सोडलेल्या, आज एखाद्या पतपेढीच्या खतावण्या चोख लिहिणाऱ्या कारकुनाने ह्या बँकेच्या खिडकीशी काय घेऊन जावे?