हप्ता म्हणा, बिनधास्त!

पगार जमा झाला की पाठोपाठ बँकेचा मेसेज येतोच. खात्यातून ईएमआय वळता झाला! त्याला आपण मराठीत म्हणतो हप्ता. पण असं म्हटलं रे म्हटलं की कुणीतरी टपकतंच, 'हप्ता नाही गं, हफ्ता! फारसी शब्द आहे तो.' वर दातांनी ओठ दाबून 'फ' कसा काढायचा, याचा फुकट डेमो!

त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. फारसीत 'हफ्त' म्हणजे सात, आणि सात दिवसांचा तो हफ्ता. पण आजच्या तेहरानमध्ये त्याचा उच्चार होतो 'हफ्ते'. म्हणजे इराणी उच्चाराचाच हट्ट धरला, तर हे 'हफ्ता'वालेही नापास!

खरी गंमत पुढेच आहे. पारशांचा धर्मग्रंथ अवेस्ता ज्या भाषेत आहे, ती इराणकडचीच, पण आजच्या फारसीपेक्षा कितीतरी जुनी. तिच्यात सात म्हणजे 'हप्त'. चक्क 'प'! आपल्या संस्कृत 'सप्त'चं हे चुलत भावंड. तिकडे 'स'चा 'ह' झाला, 'सिंधू'चं 'हिंदू' झालं तसा. 'प'चा 'फ' नंतर झाला. मग शब्द मराठीत आला आणि आपल्या जिभेने 'दफ्तर'चं दप्तर केलं, तसा 'हफ्ता'चा हप्ता केला. अवेस्ता कुणी वाचला नव्हता, पण शब्द आपसूक जुन्या वळणावर गेला.

अर्थही बदलला. कर्जाचा हप्ता महिन्याने जातो, भाईचा हप्ता भाई म्हणेल तेव्हा. सात दिवसांसाठी आपल्याकडे आठवडा आहे, आणि त्यात तर आठ लपलेत!

हे सगळं सांगायचं कारण माझी एक मैत्रीण. लातूरहून आलेली, कामात एकदम शार्प. मीटिंगमध्ये तिच्या उच्चारांवर दोन-तीनदा हशा पिकला आणि ती बोलायचीच थांबली. आता तिच्या आयडिया दुसरेच कुणी मांडतात.

गझल गाताना किंवा उर्दू शिकताना 'फ' जरूर घोटा. पण मराठीत हप्ता हाच बरोबर उच्चार आहे, तो बिघडलेला हफ्ता नव्हे. पुढच्या मीटिंगमध्ये कुणी हसलं, तर त्यांना शांतपणे विचारा, 'सप्ताहात फ कुठे असतो हो?'