उंच झेपेमागची साधना

मेलबर्न शहराच्या आल्बर्ट पार्क भागात १८९३ साली जन्मलेले रॉय कॅझली हे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या इतिहासातील असे खेळाडू होत, की ज्यांचे मोठेपण विजेतेपदांच्या हिशेबात बसत नाही. व्हिक्टोरियन फुटबॉल लीग या त्या काळच्या अग्रगण्य स्पर्धेत ते १९११ ते १९२० या काळात सेंट किल्डा संघाकडून ९९ आणि १९२१पासून साउथ मेलबर्नकडून तेवढेच सामने खेळले; परंतु खेळाडू म्हणून या लीगचे विजेतेपद त्यांना कधीही लाभले नाही.

त्यांचे कौशल्य समजण्यासाठी खेळाची रचना ध्यानात घ्यावी लागते. अंडाकृती मैदानावर प्रत्येकी अठरा खेळाडूंचे दोन संघ लंबगोल चेंडूने हा खेळ खेळतात. दुसऱ्याने लाथाडलेला चेंडू जमिनीला लागण्यापूर्वी हवेतच झेलणे म्हणजे ‘मार्क’, आणि तो साधणाऱ्यास प्रतिस्पर्ध्याच्या अडथळ्याविना पुढची किक मारण्याचा हक्क मिळतो. पंचाने वर उडवलेल्या चेंडूसाठी झेप घेऊन तो आपल्या साथीदारांकडे वळवणारा खेळाडू ‘रकमन’ म्हणून ओळखला जातो. या जागेसाठी स्वाभाविकच उंच माणसे निवडली जात. कॅझली यांची उंची मात्र सुमारे १८० सेंटिमीटर होती, आणि ती उणीव त्यांनी अभ्यासाने भरून काढली. घराच्या शेडमध्ये चेंडू टांगून त्यावर झेपावण्याचा सराव ते करीत, उडी घेताना श्वास रोखून धरीत आणि त्यामुळे शरीर अधिक वर उचलले जाते असे मानीत. धूम्रपान व मद्यपान यांपासूनही ते कटाक्षाने दूर राहिले.

तरीही ही झेप एकट्याची नव्हती. साउथ मेलबर्नमध्ये फ्रेड फ्लाइटर आणि मार्क टँडी यांच्यासह त्यांचे त्रिकूट जमले. त्यांपैकी टँडी हे ‘रोव्हर’, म्हणजे रकमनने वळवलेला चेंडू चपळाईने उचलून पुढे नेणारे खेळाडू होते. कॅझली झेपावण्याच्या क्षणी फ्लाइटर ‘अप देअर, कॅझली!’ अशी आरोळी देत. ती प्रेक्षकांनी उचलली, दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेतील ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या तोंडी ती गेली आणि १९७९ साली माइक ब्रेडी यांच्या लोकप्रिय गीताचे शीर्षकही तीच झाली.

पुढे टास्मानियात खेळाडू व प्रशिक्षक म्हणून त्यांनी दीर्घकाळ काम केले आणि १९६३ साली होबार्ट येथे त्यांचे निधन झाले. १९९६ साली ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’ची स्थापना झाली, तेव्हा ‘लेजंड’ या सर्वोच्च श्रेणीत पहिल्याच वर्षी त्यांचा समावेश करण्यात आला. हा सन्मान यथार्थच होता, कारण शरीराची मर्यादा सरावाने ओलांडता येते हे कॅझली यांनी दाखवून दिले. आणि त्यांचे नाव एका सहकाऱ्याच्या आरोळीतून पिढ्यान्‌पिढ्या टिकले, यावरून सांघिक खेळातील कीर्तीही सामाईक श्रमातूनच उभी राहते, हे सिद्ध होते.