मोटारीचा पंख व इशाऱ्याचा दिवा

आमच्या छत्रपति संभाजीनगरास मोटारींचें वेड नवें नाहीं. सन २०१० मध्यें येथील उद्योजक मंडळींनीं एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीज मोटारी घेतल्या, हें सर्वश्रुत आहे. शेंद्र्याच्या कारखान्यांत तर स्कोडा व ऑडी मोटारींची जुळणी होत आली आहे. तेव्हां आमच्या विद्यार्थ्यांचें मन मोटारीच्या अंतरंगाकडे ओढ घेतें यांत नवल तें काय? परंतु वेगवान मोटारीच्या मागें जो वरखालीं होणारा पंख, म्हणजे स्पॉयलर, असतो, त्याच्या तारा बदलून तो मनास येईल तसा राखण्याची हौस हल्लीं कित्येकांस लागली आहे. तिजविषयीं दोन शब्द लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

प्रथम हा पंख कां आला तें पाहावें. ऑडीची टीटी नामक मोटार १९९८ सालीं निघाली, तेव्हां तिच्या डौलदार पाठीवर पंख नव्हता. अतिवेगांत उतरत्या पाठीवरून जाणारी हवा मोटारीचा मागील भाग उचलूं पाहते व चाकांची पकड सैल होते. जर्मनींत अपघात झाले, माणसें प्राणांस मुकलीं; मग कंपनीनें मोटारी परत बोलावून त्यांस पंख बसविला. २००६ च्या नव्या टीटींत हा पंख पाठींत दडविला. वेग ताशी सुमारे १२० किलोमीटरच्या वर जातांच विजेच्या योगानें तो उठतो, व ८० च्या खालीं येतांच बसतो. सारांश, ही शोभेची वस्तु नव्हे. ती प्राणांचें मोल देऊन शिकलेली सावधगिरी होय.

पंख उठला कीं नाहीं याची वर्दी लहानसे स्विच नियंत्रक यंत्रास देतात. वर्दी चुकली कीं चालकापुढें इशाऱ्याचा दिवा लागतो. कोणी पंख सदा उभा राहावा म्हणून तारा फिरवितात. दुसरे कोणी, पंख अडकला असतां दुरुस्ती न करतां, तारा जोडून यंत्रास खोटी वर्दी देतात व दिवा विझवितात. हा दुसरा प्रकार आम्हांस फार घातक वाटतो. तापमापक फोडल्यानें ताप उतरत नाहीं!

कोणी म्हणेल, समृद्धि महामार्गावरही वेगाची मर्यादा १२० च. मग पंख बिघडला म्हणून काय बिघडलें? आमचें उत्तर असें कीं, मोटार हातोहात विकली जाते. नवा धनी त्या विझलेल्या दिव्यावर विश्वास ठेवील, आणि एखादे वेळीं वेगाच्या भरांत त्या विश्वासाची किंमत मोजील. शिवाय पंख नुसता पाहावयाचा असेल, तर तो उचलण्याचें बटण टीटींत मुळांतच आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलमही नोंदणीपत्रांतील मूळ तपशिलाशीं विसंगत फेरफारास मनाई करतें. पण कायद्यांत न बसणारी लबाडीही लबाडीच.

विद्यार्थ्यांनो, तुमची जिज्ञासा आम्हांस प्रिय आहे. एक बॅटरी, खेळण्यांतील विजेचें चक्र व दोन स्विच घेऊन असा पंख शाळेच्या मेजावर अवश्य करा. तेथें चुकलांत तरी कोणाचें कांहीं जात नाहीं. पालकांसही आमची विनंति आहे कीं, मुलाच्या हातांतील पक्कड हिसकावूं नये. मात्र तार तोडण्यापूर्वीं ती कोणाच्या रक्षणार्थ आहे, हें त्यास जरूर विचारावें.